कॅचर कोणता घ्याल?

काय दोस्तांनो, वहीच्या मागच्या पानावर आपला लाडका क्रिकेट संघ कधी ना कधी लिहिलाच असेल ना? अमेरिकेतली मुलं (आणि त्यांचे बाबासुद्धा!) हेच बेसबॉलचं करतात. 1980 साली डॅनियल ओक्रेंट या लेखक-संपादकाने मित्रांना जमवून याला नीट खेळाचं रूप दिलं. मंडळी न्यूयॉर्कच्या ज्या हॉटेलात जेवायला जमायची, त्याच्या नावावरून ही 'रोटिसरी लीग'. खऱ्या खेळाडूंवर लुटुपुटीची बोली लावायची आणि हंगामभर ते जे होमरन मारतील, ते आपल्या खात्यात! खरे पैसे मात्र लावायचे नाहीत हं. तसल्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा आपल्याकडे 2025 साली झाला आहे. वही-पेन्सिल पुरे.

आज 2026 च्या हंगामासाठी कॅचरची क्रमवारी लावू. कॅचर म्हणजे बेसबॉलचा यष्टिरक्षकच, फक्त यष्ट्या नाहीत! दर चेंडूला फलंदाजामागे उकिडवं बसायचं. एका संघाचे हंगामात 162 सामने. गुडघ्यांचं काय होत असेल, विचार करा. म्हणून कॅचरला अधूनमधून विश्रांती देतात आणि त्याचे आकडे इतरांपेक्षा कमी भरतात. तुमच्या वर्गात बॅटिंगला सगळे पुढे, पण ग्लोव्हज घालायला दोघंच तयार असतात, तसंच. त्यामुळे इथे नुसतं 'कोण चांगला' विचारून भागत नाही. 'त्याच्यानंतरचा किती मागे आहे' हे बघायचं.

आता पहिला नंबर सांगायला नकोच. सिअॅटल मरीनर्सचा कॅल रॉली! 2025 मध्ये पठ्ठ्याने 60 होमरन ठोकले. कॅचरचा आधीचा विक्रम 48 चा, साल्वादोर पेरेझचा, 2021 सालचा. रॉली दोन्ही हातांनी फलंदाजी करतो. अशा फलंदाजांतला मिकी मँटलचा 1961 चा 54 चा विक्रमही त्याने मोडला. त्याच वर्षी होमरनची खास स्पर्धा त्याने जिंकली, तेव्हा चेंडू टाकत होते त्याचे बाबा आणि मागे पकडत होता पंधरा वर्षांचा धाकटा भाऊ!

पण थांबा. त्याआधीच्या तीन वर्षांचे त्याचे होमरन 27, 30 आणि 34. म्हणजे 60 ची किंमत मोजायची आणि हाती 40 यायचे, असंही होऊ शकतं. शिवाय हिटची सरासरी .247, म्हणजे चार वेळा उतरला तर जेमतेम एकदा हिट. तरी मी त्यालाच घेईन. का? 2025 मध्ये त्याच्या पाठोपाठच्या कॅचरांचे होमरन होते 31. रॉली 40 वर घसरला तरी पुढेच! फक्त सगळी तिजोरी त्याच्यावर रिकामी करू नका.

दुसरा विल्यम कॉन्ट्रेरास, मिलवॉकीचा. 2025 मध्ये बोटाचं हाड मोडलेलं असताना तो खेळत राहिला. 17 होमरन त्यातच झाले. 2024 मध्ये 23 होते. तिसरा डॉजर्सचा विल स्मिथ. सरासरी .296, झकास! टोरांटोविरुद्धच्या 2025 च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात अकराव्या डावातला होमरन त्याचाच. मग तिसरा का? तर त्या हंगामात तो 110 सामनेच खेळला. बाकावर बसलेला खेळाडू आपल्या वहीत काय भर घालणार?

चौथा हंटर गुडमन, 31 होमरनवाला. हा डेन्व्हरचा. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 1600 मीटर उंच, हवा विरळ, चेंडू लांब जातो. पेरेझ पाचवा. 2025 मध्ये 30 होमरन मारले त्याने, पण जन्म 1990 चा. गुडघे विसरू नका!

जाता जाता एक गंमत. विल्यमचा थोरला भाऊ विल्सनही कॅचर. 2025 मध्ये त्याच्या संघाने त्याला पहिल्या बेसवर उभं केलं. पण बऱ्याच लीगमध्ये आदल्या हंगामात एखाद्या जागेवर 20 सामने खेळलेला खेळाडू तिथे चालतो. मग काय, उकिडवं न बसता रोज खेळणारा 'कॅचर' हुशार मुलांना मिळाला! 2026 च्या यादीत मात्र त्याला घेता येणार नाही.

पुढच्या अंकात पहिला बेस.