द्राक्षाच्या काड्या नाशिकहून नकोत



इंग्लंडमध्ये परसात लावायला नाशिकहून थॉमसन जातीच्या द्राक्षाच्या काड्या आणाव्यात, हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा सल्ला घातक आहे. भारतातून द्राक्षाच्या काड्या इथे आणायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. फायलोक्सेरा ही कीड अमेरिकेतून आलेल्या वेलींबरोबरच युरोपात शिरली. १८६३ मध्ये ती लंडनच्या हॅमरस्मिथमध्ये सापडली. फ्रान्सचे मळे तिनेच उजाड केले.

शिवाय थॉमसनला लागणारी ऊब इथे उघड्यावर मिळत नाही. सोलारिस, रोंडो, फीनिक्स या जाती मात्र इथल्या बेताच्या उन्हातही पिकतात. डिसेंबर-जानेवारीत छाटणीच्या वेळी, उघड्यावर गोड फळ देणाऱ्या शेजारच्या निरोगी वेलीच्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्या मागाव्यात. तशी वेल जवळपास नसेल, तर स्थानिक रोपवाटिकेतून रोपच घ्यावे.

– एक वाचक, यॉर्कशायर