रुसलेली नव्हे, बुजलेली!

मांजर घरी आणायचे ठरले की घरातल्या प्रत्येकाच्या मनात एक चित्र तयार होते. ती पायांत घोटाळेल, मांडीवर येऊन बसेल, घुरघुर करीत झोपी जाईल. प्रत्यक्षात आठवडा उलटतो तरी मनी पलंगाखालून बाहेर येत नाही. उचलायला गेले की फिस्कारते. मुले हिरमुसतात. आजी म्हणते, "मांजराची जातच अशी! कुत्रा माणसाला ओळखतो, मांजर घराला." मग एके दिवशी कुणीतरी तिला पोत्यात घालून दूरच्या बाजारात सोडून येते.

घरातल्यांचा प्रश्न सुटतो, मनीचा मात्र तिथून सुरू होतो. पाळलेले जनावर उपाशी मरेल अशा स्थितीत विनाकारण सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. पण ही वेळ येते ती बहुधा दुष्टपणामुळे नव्हे, गैरसमजामुळे.

कुत्रा हा कळपाने राहणाऱ्या लांडग्याच्या कुळातला. मांजराचे पूर्वज म्हणजे एकट्याने शिकार करणारी रानमांजरे. ती स्वतः शिकारी, पण मोठ्या जनावरांची शिकारही. म्हणून नवी जागा दिसली की आधी लपायचे, हा तिचा धर्म. शिवाय पिलू दोन ते सात आठवड्यांचे असताना त्याला माणसाचा प्रेमळ हात लागला तर ते माणसाळते. ज्याला तो लागला नाही, त्याला पुढे प्रत्येक हात पंजाच वाटतो. तुमची मनी रुसलेली नाही, बुजलेली आहे.

पहिले दिवस

सुरुवातीला तिला सारे घर न देता एकच शांत खोली द्या. जबलपूरकरांनी एवढे ध्यानात ठेवावे की मे महिन्यात आपल्याला सुखावणारा कूलरचा घोंघाट तिला भेडसावतो. खोली थंड हवीच, पण तिचा कोपरा कूलरच्या तोंडाशी नको. नवरात्रातले ढोल, दसऱ्याची मिरवणूक आणि दिवाळीचे फटाके या दिवसांत तर नवे मांजर आणूच नये.

खोलीत एक पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवा. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, आश्रयगृहातल्या ज्या मांजरांना लपायला खोका मिळाला ती इतरांपेक्षा लवकर सावरली. तेव्हा खोक्यातून तिला ओढून काढू नका. लपायला जागा आहे याची खात्री पटली, की तीच बाहेर येईल.

खाणे रोज ठरलेल्या वेळी, शक्यतो एकाच माणसाने द्यावे. आपल्याकडे मांजर म्हटले की दूधपोळी, असे समीकरण आहे. पण मांजर मूळचे मांसाहारी. टॉरिन नावाचा घटक तिला मांसातूनच मिळतो. तो कमी पडला तर डोळे आणि हृदय बिघडते. मोठ्या मांजरांना दूध अनेकदा पचतही नाही. शाकाहारी घरांनी तिच्यासाठी तयार मिळणारे मांजराचे खाद्य आणावे.

मैत्रीची भाषा

तिच्याशी बोलावे कसे? खोलीत जमिनीवर बसून वाचन करा, भाजी निवडा. तिच्याकडे टक लावून पाहू नका, तिच्या लेखी ती धमकी असते. नजरानजर झालीच तर डोळे हळूच मिटा, हळूच उघडा. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले, की असे डोळे मिचकावल्यावर मांजरेही तसेच उत्तर देतात आणि पुढे केलेल्या हाताजवळ अधिक येतात. डोळे मिटून दूध पिणारी म्हणून बदनाम झालेल्या मांजरीशी डोळे मिटूनच मैत्री करायची! ती जवळ आली तर बोट हुंगू द्या, गालाशी दोनदा खाजवा आणि तिच्या आधी तुम्हीच थांबा.

मुलांना एकच नियम सांगा: मनी आपल्याकडे येईल, आपण तिच्यामागे जायचे नाही. बोचकारले किंवा चावले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच डॉक्टरकडे जा. मनीला रेबीजची लसही टोचून घ्या.

मात्र सगळाच अलिप्तपणा स्वभावाचा नसतो. ती दिवसभर काहीच खात नसेल, किंवा आधी मोकळी वावरणारी अचानक लपू लागली, तर दुखणे असू शकते. १९४८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय असलेल्या जबलपूरसारख्या शहरात तज्ज्ञांचा सल्ला मिळणे अवघड नाही.

आणि आजीच्या त्या म्हणण्याचे काय? अमेरिकेतील ऑरेगन स्टेट विद्यापीठात पिलांना दोन मिनिटे एकटे ठेवून सांभाळणाऱ्या माणसाला परत आत पाठवले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात सुमारे ६४ टक्के पिले ते माणूस येताच निर्धास्त झाली. म्हणजे मांजर माणसालाही ओळखते.

फक्त ते सांगण्याची तिची रीत निराळी. शेपूट उभारून दारात येणे, पायाला डोके घासणे, तुम्ही ज्या खोलीत आहात त्याच खोलीत झोपणे, हे तिचे प्रेमच. काही मांजरी जन्मभर मांडीवर बसत नाहीत. तेव्हा दिवस मोजू नका, निदान तीन महिने द्या. त्यानंतरही जमले नाही तर तिच्यासाठी दुसरे चांगले घर शोधा, पोते नव्हे.