रक्ताला सवड द्या



बेळगाव भागातल्या शेतकरी घरांना लडाख, सियाचीन ही नावे परकी नाहीत. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्रच बेळगावात. घरातला नाही तर शेजारचा एखादा मुलगा तिकडे बर्फात पहाऱ्यावर जाऊन आलेला असतो. अलीकडे सहलीसाठी थेट विमानाने लेहला जाणारेही वाढले आहेत. निघण्यापूर्वी घरात बोलणे होते ते स्वेटरचे आणि लाडवांचे. रक्ताविषयी कोणी बोलत नाही. फार तर कोणी टॉनिकची बाटली आणून देतो. आमचे स्पष्ट मत असे की, उंचावर जाणाऱ्या निरोगी माणसाला टॉनिकपेक्षा सवडीचे दिवस अधिक उपयोगी पडतात, आणि नेमके तेच द्यायला आपण कुरकुरतो.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फूट उंच, तर लेह सुमारे ११,५०० फूट. तिथल्या हवेतही प्राणवायू शंभरात २१ भागच असतो. पण हवाच विरळ. तिचा दाब समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास. पायली तीच, पण ती शिगोशीग भरत नाही, असे समजा.

ही गोष्ट फार पूर्वी एका धर्मगुरूने ओळखली होती. येशूसंघीय फादर होसे दे अकोस्ता पेरू देशातला पारियाकाकाचा डोंगर ओलांडताना ओकाऱ्यांनी बेजार झाले. १५९० साली निघालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी कारण दिले ते असे की, वरची हवा इतकी तलम असते की ती माणसाच्या श्वासाला मानवत नाही. प्राणवायूचा शोध लागायला तेव्हा जवळजवळ दोनशे वर्षे अवकाश होता! पुढे १८९० साली व्हियो या फ्रेंच डॉक्टरांनी त्याच देशात, सुमारे १४,००० फुटांवरच्या खाणीच्या गावी, स्वतःचे रक्त तपासले. खाली लिमा शहरात एका घन मिलिमीटरमध्ये सुमारे ५० लाख तांबड्या पेशी होत्या. डोंगरावर तीन आठवड्यांत त्या ८० लाखांच्या घरात गेल्या.

हे घडते कसे? प्राणवायू कमी पडतो आहे हे मूत्रपिंडांना काही तासांतच कळते. ती एक रस रक्तात सोडतात. तो हाडांतल्या मगजाला सांगतो, तांबड्या पेशी वाढव. पण पेरले म्हणून दुसऱ्या दिवशी कणीस येत नाही. पहिल्या आठवड्यात रक्त दाट दिसते ते मुख्यतः त्यातले पाणी कमी झाल्यामुळे. नव्या पेशींचे खरे पीक हाती यायला कित्येक आठवडे लागतात. तोवर शरीर जोराने श्वास घेऊन आणि हृदयाचे ठोके वाढवून वेळ निभावते. तेवढ्यावर लगेच ओझे लादले तर ते कोलमडते.

म्हणूनच आपल्या लष्कराने टप्पे ठरवले आहेत: ९ ते १२ हजार फुटांवर ६ दिवस, त्यातले पहिले दोन विश्रांतीचे; पुढे १५ हजारांपर्यंत ४ दिवस, आणि त्याहून वर आणखी ४. घरी हे ऐकून कोणी म्हणतो, “आमच्या पोराला कशाला विश्रांती? पोते पाठीवर घेऊन धावतो तो!” असे बोलू नये. अंगातली रग विरळ हवेपासून वाचवत नाही. उलट दणकट मुलगाच लाजेने डोकेदुखी लपवतो आणि चढत राहतो. डोके दुखणे, मळमळणे, झोप न लागणे ही पहिली सूचना. तेव्हा वर चढणे थांबवावे, दारूला शिवू नये. बसल्या जागी धाप लागणे, फेसाळ खोकला, झोकांड्या जाणे, बरळणे ही जिवावरची लक्षणे. मग प्राणवायू द्यावा, डॉक्टर गाठावा आणि शक्य तितक्या लवकर खाली उतरवावे.

आता टॉनिकविषयी. तांबड्या पेशी बनायला लोह लागते. ज्याचे, विशेषतः जिचे, रक्त मुळात कमी आहे तिने जाण्यापूर्वी तपासून लोहाच्या गोळ्या घ्याव्यात. पण ज्याचे रक्त पुरेसे आहे त्याने बाटल्या रिचवून काय साधणार? जितके रक्त दाट तितके चांगले ही समजूतच खोटी आहे. पेरूच्या डोंगरावर जन्म काढलेल्या काही लोकांचे रक्त इतके दाट होते की ते नीट वाहत नाही. चेहरा काळानिळा पडतो, डोके सतत दुखते. डॉ. कार्लोस मोंखे यांनी १९२५ साली हा आजार जगापुढे मांडला. याउलट तिबेटी माणूस १३,००० फुटांवर राहूनही त्याचे हिमोग्लोबिन बहुधा सपाटीवरच्या माणसाइतकेच असते. त्यांच्यातल्या एका जनुकामुळे रक्त भलतेच दाट होत नाही, हे २०१० साली कळले. ते आपण गोळीने मिळवू शकत नाही. हजारो वर्षांच्या पिढ्यांचा तो वारसा आहे. जनावरांचेही तसेच. याक तिथे सुखाने चरतो; खालून नेलेल्या गाईंपैकी काहींच्या छातीखाली सूज चढून त्या मरतात.

आणखी एक गोष्ट घरच्यांनी लक्षात ठेवावी. वर वाढलेले रक्त खाली आल्यावर काही आठवड्यांत पूर्ववत होते. सुगीसाठी महिनाभर रजेवर आलेला मुलगा परत जातो तेव्हा त्याला पुन्हा नवख्यासारखेच टप्प्याने चढावे लागते. फुप्फुसात पाणी होण्याचा धोका अशा रजेवरून परतणाऱ्यांनाही असतो. तेव्हा मळणी उरकेपर्यंत त्याला अडवून, शेवटच्या रात्री थकल्या अंगाने गाडीत बसवू नका. दोन दिवस आधी मोकळे करा, आणि पोहोचल्यावर फोनवर पहिल्यांदा विचारा, डोके दुखते का?