केक फसू द्या!

यंदाच्या आनंद मेळाव्यात सहावीच्या टेबलावरचा केक सगळ्यांत आधी संपला. तो सहावीतल्या कुणीच केलेला नव्हता, फ्रीगंजच्या एका बेकरीतून आणला होता. शेजारच्या टेबलावर एका मुलाने स्वतः केलेली नानकटाई होती, जरा करपलेली. मोठी माणसं तिच्याकडे बघून हसत पुढे गेली. मी दोन घेतल्या, चांगल्या लागल्या. पण ते हसणं खटकलं, म्हणून हा लेख.

पालकहो, बेकिंग म्हणजे काही साहेबाची विद्या नव्हे. आपण माळव्यात राहतो. बाफले आधी पाण्यात उकडायचे, मग कंड्यांच्या आंचेवर भाजायचे, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. ज्वाळा विझून निखाऱ्यावर राख धरेपर्यंत थांबायचं, हेही आपण जाणतो. तिकडे कोकणात काकडीचं धोंडस करताना पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवत. ओव्हन तरी दुसरं काय करतो? सगळीकडून कोरडी आंच देतो, इतकंच. दिवाळीआधी मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीच्या भट्टीवर नानकटाई भाजून आणणारी घरंही पुष्कळ होती.

माझा पहिला केक कुकरमध्ये झाला, म्हणजे फसला. दही-सोडा घालून मिश्रण तयार केलं आणि तेवढ्यात लाइट गेली. मेणबत्ती शोधण्यात अर्धा तास गेला. सोडा दह्यात पडताच बुडबुडे सुटू लागतात. ते भांड्यातच विरून गेले. पुढे उत्सुकतेपोटी तीनदा झाकण उघडलं. आतला भाग अजून घट्ट झालेला नव्हता, गार हवा लागली आणि केक मधोमध बसला. हे कारण मला पुष्कळ वर्षांनी कळलं. त्या दिवशी आजोबांनी तो दुधात कुस्करून खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, "आज नाही का करत?"

विद्यार्थी मित्रांनो, सुरुवात केकने करूच नका, नानकटाईने करा. एक वाटी मैदा, अर्धी वाटी पिठीसाखर, अर्धी वाटी तूप, चिमूटभर सोडा, थोडी वेलची. तूप-साखर पांढुरकी होईपर्यंत फेसा. उज्जैनच्या मे महिन्यात तूप पातळच असतं, त्यात हवा धरत नाही आणि नानकटाई पसरते. म्हणून ते आधी थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवा. तापलेल्या ओव्हनमध्ये 170 ते 180 अंशांवर पंधरा-वीस मिनिटं. बाहेर काढल्यावर मऊ लागली तरी पुन्हा आत सारू नका, गार झाली की खुसखुशीत होते. ओव्हन नसेल तर जुना कुकर चालतो : शिट्टी आणि रिंग काढून, पाणी न घालता, तळाशी मिठाचा थर. मात्र मोठं माणूस जवळ हवंच.

"दहावी झाली की कर हो" असं घरोघरी ऐकू येतं. आणि मुलगा असेल तर तेही नाही! मला हे पटत नाही. चुकलेल्या गणितावर लाल फुली मिळते. केक बसला तर का बसला, हे आपलं आपणच शोधावं लागतं. ती सवय शाळेला हवी आहे की नाही? मोबाइलवरच्या व्हिडिओत कुणाचाच केक फसत नाही, म्हणून मुलांना वाटतं आपलाच हात वाईट. आणि आईने रात्री बारापर्यंत जागून मुलाच्या नावाने केक करणं तर थांबायलाच हवं.

विश्वस्तांना एक विनंती. शाळेसाठी एक साधा ओव्हन आणि एक वजनकाटा घ्यावा. काटा जास्त गरजेचा, कारण दाबून भरलेली वाटी आणि हलकी भरलेली वाटी यांत बराच फरक पडतो, आणि नवख्याचे पदार्थ पुष्कळदा तिथेच बिघडतात. पुढच्या मेळाव्यात एक टेबल फक्त मुलांनी स्वतः भाजलेल्या पदार्थांचं ठेवावं. सोबत काय चुकलं याची चिठ्ठी. बक्षीस नको, नाहीतर पुन्हा आईच जागेल.

त्या नानकटाईवाल्या मुलाला मी विचारलं होतं. म्हणाला, "काका, अगदी खालच्या कप्प्यात ठेवली म्हणून करपली. पुढच्या वेळी मधल्या कप्प्यात ठेवणार आहे." करपलेल्या मालाची किंमत निम्मी ठेवावी, पहिलं गिऱ्हाईक मी आहे.