चैनीची महागाई आणि चांभाराचा दाम

महागाईविरुद्ध लढणे ही समाजवादी चळवळीला नवी गोष्ट नाही. १९७२ साली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली आणि मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील गृहिणी हाती लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. तो लढा धान्य, गोडेतेल, साखर आणि रॉकेल यांच्यासाठी होता. आज आम्ही ज्या महागाईविषयी लिहीत आहोत तिच्यासाठी कोणी लाटणे उचलणार नाही. ती पॅरिस आणि मिलान येथील चैनीच्या वस्तूंची महागाई आहे, आणि तिचा उबग आला आहे तो श्रीमंतांना व श्रीमंतांसारखे दिसू पाहणाऱ्या मध्यमवर्गाला. ऊस आणि दुष्काळ यांच्या कचाट्यात सापडलेल्या श्रीगोंदा तालुक्यातील कार्यकर्त्याने तिची दखल का घ्यावी, असा प्रश्न कोणालाही पडेल. ती घ्यावी असे आम्हांला वाटते. त्याचे कारण श्रीगोंद्याच्या जुन्या नावात दडलेले आहे. परंतु आधी ही महागाई आहे तरी काय ते पाहू.

शनेल या फ्रेंच कंपनीची कातडी पर्स २०१९ साली पाच हजार युरोंच्या आसपास मिळत असे. २०२४ साली तिने दहा हजार युरोंचा आकडा ओलांडला. ही एकट्या पर्सची गोष्ट नव्हे. एचएसबीसी बँकेच्या विश्लेषकांनी मांडलेल्या हिशेबानुसार युरोपातील चैनीच्या वस्तूंच्या किमती २०१९ नंतरच्या पाच वर्षांत सरासरीने निम्म्याहून अधिक वाढल्या. या काळात शिवणाऱ्याची मजुरी दुप्पट झाली नव्हती, की पर्सच्या टाक्यांची संख्याही दुप्पट झाली नव्हती. दाम वाढविला तरी गिऱ्हाईक येते, किंबहुना दाम वाढविला म्हणूनच येते, एवढाच अनुभव त्या दरवाढीमागे होता. अखेर गिऱ्हाईक थकले. बेन या सल्लागार संस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये अंदाज वर्तविला की, मागील दोन वर्षांत सुमारे ५ कोटी गिऱ्हाइके या बाजारातून बाहेर पडली. व्यापारी वृत्तपत्रांनी त्यावर अग्रलेख लिहिले आणि भांडवलदारांच्या चेहऱ्यावर चिंता दिसू लागली.

या पाच कोटींविषयी आम्हांला सहानुभूती वाटत नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. ज्याला दहा हजार युरोंची पर्स महाग वाटली त्याने ती घेऊ नये. त्याचे काही अडत नाही. परंतु त्याच्या उबगामुळे एक झाकलेली गोष्ट उघडी पडली आहे, आणि ती आमच्या कामाची आहे. वस्तूची किंमत आणि ती घडविणाऱ्याचे श्रम यांचा परस्परांशी काही संबंध उरलेला नाही, ही ती गोष्ट.

जून २०२४ मध्ये मिलानच्या न्यायालयाने दिओर या कंपनीच्या इटलीतील एका उपकंपनीवर देखरेखीसाठी प्रशासक नेमला. ठेकेदारांच्या आणि पोटठेकेदारांच्या कारखान्यांत स्थलांतरित मजुरांकडून रात्रीबेरात्री काम करून घेतले जात होते, मजूर कारखान्यातच झोपत होते आणि यंत्रे जलद चालावीत म्हणून त्यांवरील संरक्षक साधने काढून टाकलेली होती, असे तपासात आढळले. ही देखरेख २०२५ साली उठली. परंतु तपासाच्या कागदपत्रांतील एक आकडा मागे राहिला. दुकानात सुमारे २,६०० युरोंना विकली जाणारी पर्स तयार करून देण्याबद्दल ठेकेदाराला ५३ युरो मिळत होते. कातडे आणि इतर सामग्री यांत धरलेली नाही, हे न्याय्य बुद्धीने नमूद केले पाहिजे. तरीही विक्रीचा दाम घडणावळीच्या एकोणपन्नास पट होतो. त्या एकोणपन्नास पटींत जाहिरात आहे, झगमगती दुकाने आहेत, नटनट्यांची बिदागी आहे आणि भागधारकांचा लाभांश आहे. ज्याच्या हाताला सुई टोचते तो त्यात कोठेही नाही.

आमच्या जुन्या कार्यकर्त्यांना येथे डॉ. राममनोहर लोहियांची आठवण होईल. ‘दाम बांधो’ हे धोरण मांडताना त्यांनी सोपी कसोटी दिली होती: कारखान्यात तयार होणाऱ्या वस्तूची विक्री-किंमत तिच्या उत्पादनखर्चाच्या दीडपटीहून अधिक असू नये. त्या वेळी अर्थपंडित हसले होते. हे भाबडे गणित बाजारात टिकणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. दीडपट आणि एकोणपन्नास पट हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले असता भाबडे कोण होते याचा निर्णय वाचकांनीच करावा. १९६३ साली लोकसभेत दरडोई तीन आण्यांवर जगणाऱ्या भारतीयाचा प्रश्न लोहियांनी उभा केला, तेव्हा सरकारपक्षाने पंधरा आण्यांचे उत्तर दिले होते. आकड्यांच्या आड माणूस लपविण्याची ही कला तेव्हापासून बरीच प्रगत झाली आहे.

आता आपल्या दाराशी येऊ. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन प्रदर्शनात पुरुषांच्या पायांत अंगठ्याची कातडी चप्पल दाखविली. महाराष्ट्रातील शाळकरी पोरानेही ती कोल्हापुरी म्हणून ओळखली असती. कंपनीने मात्र तिला केवळ कातडी सँडल म्हटले. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांच्या कारागिरांचा तो वारसा आहे. सर्वत्र ओरड झाली, महाराष्ट्र चेंबरने पत्र लिहिले आणि कंपनीने प्रेरणा भारतीय असल्याचे मान्य केले. कारागिरांना भरपाई मिळावी म्हणून दाखल झालेली याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. दाद मागण्याचा अधिकार मानांकनाच्या नोंदणीकृत मालकांचा आहे, याचिकाकर्त्यांचा नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. हे मालक म्हणजे महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकचे तसेच महामंडळ. डिसेंबर २०२५ मध्ये या दोन महामंडळांशी प्राडाने करार केला. दोन हजार जोड आपल्याकडील कारागिरांकडून करवून घ्यायचे, सुमारे ८०० युरोंना म्हणजे अंदाजे ८४,००० रुपयांना एक या दराने जगभरच्या चाळीस दुकानांतून ते विकायचे आणि विक्री फेब्रुवारी २०२६ पासून सुरू करायची, असे त्या वेळी जाहीर झाले. कारागिरांना प्रशिक्षण देण्याचेही ठरले. पिढ्यान् पिढ्या जी चप्पल ज्यांनी घडविली त्यांना ती घडविण्याच्या करारात प्रशिक्षणाचे कलम असावे, याचे आम्हांला कौतुक वाटते.

या वार्तेवर महाराष्ट्रात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. चप्पल सातासमुद्रापार गेली, अस्मितेचा विजय झाला, इत्यादी. चोरी उघडकीस आल्यावर कंपनीला वाटाघाटीस बसावे लागले, हे लोकमताचे यश आहे आणि ते आम्ही कमी लेखत नाही. परंतु ८४,००० रुपयांतील किती रुपये कातडे कमावणाऱ्याच्या, तळ कापणाऱ्या पुरुषाच्या आणि वेणी गुंफणाऱ्या स्त्रीच्या पदरात पडणार, हा प्रश्न अस्मितेच्या जयघोषात कोणी विचारला नाही. बाभळीची साल आणि हिरडा घालून कातडे कमावण्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत या जोडामागे कित्येक दिवसांची मेहनत असते, आणि कोल्हापूरच्या बाजारात तोच जोड हजार-दोन हजारांत घासाघीस करून घेतला जातो. घासाघीस करणारे आपणच असतो, हेही विसरू नये.

सरकारचे धोरण कोणाकडे झुकते, तेही या निमित्ताने पाहण्यासारखे आहे. १ जानेवारी २०२२ पासून हजार रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवरील वस्तू व सेवा कर ५ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर नेण्यात आला. तो पुन्हा ५ टक्क्यांवर येण्यास २२ सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला. संपत्ती कर मात्र २०१५ च्या अर्थसंकल्पात कायमचा मोडीत काढण्यात आला. त्याच वर्षी महाराष्ट्रात बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि कातड्याची टंचाई कारागिराच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचली. गरिबाच्या चपलेवर पावणेचार वर्षे वाढीव कर घेणारे राज्यकर्ते कोट्यधीशाच्या तिजोरीसमोर मात्र अदबीने बाजूला झाले.

आणि आता श्रीगोंदा. शिवपूर्वकाळापासून कागदोपत्री या गावाचे नाव चांभारगोंदे असे आढळते. मालोजीराजे भोसल्यांच्या कथेत येणारे चांभारगोंदे ते हेच. गोविंद नावाच्या एका भाविक चांभारावरून गावाला हे नाव पडले, अशी आख्यायिका इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरने नोंदविली आहे. राजे, सरदार, सावकार यांची नावे गावांना देण्याची आपली रीत; येथे मात्र कातडे शिवणाऱ्या माणसाचे नाव गावाला मिळाले होते. कालांतराने चांभार गेला आणि श्री आली. श्री म्हणजे लक्ष्मी. गोंद्याच्या नावातून श्रम वजा होऊन तेथे संपत्ती येऊन बसली. कोणी एके दिवशी ठरवून हा बदल केला असेल असे आम्ही म्हणत नाही. परंतु ‘चांभार’ हा शब्द उच्चारताना ज्या समाजाची जीभ अडखळते, त्याच समाजाने हे नवे नाव आनंदाने स्वीकारले, एवढे खरे.

गावगाड्यातील चांभाराने मोटा शिवल्या, नाडे वळले, वहाणा सांधल्या, आणि सुगीला खळ्यावर जाऊन बलुते म्हणून मिळेल ते धान्य घेतले. त्याच्या कसबाला दाम नव्हता आणि त्याच्या स्पर्शाला विटाळ होता. विहिरींवर इंजिने आली तेव्हा मोट गेली. रबरी व प्लास्टिकची चप्पल आली तेव्हा वहाणही गेली. बलुते बुडाले, विटाळ मात्र लगेच बुडाला नाही. ज्या कौशल्यासाठी त्याला गावकुसाच्या कडेला बसविले, ते कौशल्य सुमारे ८०० युरोंना विकण्याचे २०२५ साली जाहीर झाले. यात जातीचा प्रश्न नाही असे ज्याला वाटते, त्याने आपल्या आळीतील चर्मकाराच्या टपरीवर पाच मिनिटे उभे राहून लोक त्याला कोणत्या एकवचनात हाक मारतात ते ऐकावे.

श्रीगोंद्याने या प्रश्नात बोलण्याचे दुसरेही कारण आहे, आणि ते शुद्ध हिशेबाचे आहे. हा उसाचा तालुका आहे. येथील लहानसा शेतकरीही रास्त व किफायतशीर दर म्हणजे काय हे जाणतो. उसाला कायद्याने दर ठरतो आणि तो चौदा दिवसांत चुकता करावयाचा असतो. तो तसा होतो का, हा वेगळा आणि कडू विषय आहे. त्याही पलीकडे, १९७४ साली ऊस नियंत्रण आदेशात कलम ५-अ आले आणि साखरेच्या जादा उत्पन्नात ऊस उत्पादकाचा निम्मा वाटा मान्य झाला. २००९ साली ते कलम गेले. २०१३ साली महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा करून साखर व प्राथमिक उपपदार्थ यांच्या उत्पन्नातील सत्तर टक्के वाटा शेतकऱ्याचा ठरविला. कच्चा माल देणाऱ्याला केवळ मालाची किंमत देऊन भागत नाही, अंतिम विक्रीच्या उत्पन्नात त्याचा हिस्सा असतो, हे तत्त्व या राज्याने उसाबाबत मान्य केलेले आहे. मग चपलेबाबत ते का नसावे? उसामागे मतांचे गठ्ठे आहेत आणि चपलेमागे नाहीत, याखेरीज दुसरे कारण आम्हांला दिसत नाही. (हाच वाटा ऊसतोड मजुरापर्यंत पोहोचत नाही, ही आमच्याच तालुक्याच्या फडातील लाज आहे. तिच्याविषयी या पृष्ठावर पुन्हा लिहावे लागेल.)

आम्ही सत्तर टक्के मागत नाही. दुकानातील विक्री-किमतीचा दशांश मागतो. ८४,००० रुपयांच्या जोडामागे मजुरीखेरीज ८,४०० रुपये. दोन हजार जोडांमागे १ कोटी ६८ लाख. साऱ्या विक्रीचे १६ कोटी ८० लाख ज्या हातांमुळे होतात त्यांना एवढे देण्याने कोणत्याही कंपनीचे दिवाळे निघणार नाही.

आपल्यातीलच काही साथी विचारतील की, ज्या चैनीचा आपण निषेध करतो तिच्यात वाटा कसला मागता? आक्षेप प्रामाणिक आहे. ८४,००० रुपयांची चप्पल मुळात असावी का, याचे आमचे उत्तर नाही असेच आहे. लग्नसराईत नामांकित कंपनीच्या नकली शिक्क्याची पर्स मिरविण्यासाठी कर्ज काढणारी घरे आपल्याही तालुक्यात वाढत आहेत, आणि त्या वेडाला आपण हसून सोडून देता कामा नये. परंतु चैनीचा बाजार जाईपर्यंत कारागिराने दमडीवर शिवत बसावे, हा उपदेश त्याला करण्याचा अधिकार आपल्याला नाही. शिवाय मंदीचा धोका आहेच. श्रीमंतांना उबग आला आणि विक्री घटली, की पहिली कात्री ठेकेदाराच्या बिलाला आणि तेथून मजुरीला लागते. वरच्यांचा कंटाळा खालच्यांची उपासमार होऊ नये, यासाठी वाटा आताच, मागणी आहे तोवर, कागदावर यावा लागेल.

तेव्हा मागण्या अशा. महामंडळाने प्राडाशी केलेल्या कराराची संपूर्ण प्रत मराठीत व कन्नडमध्ये प्रसिद्ध करावी. प्रत्येक जोडामागे कातडे कमावणारा, कापणारा आणि गुंफणारी यांना मिळणारी रक्कम त्यात वेगवेगळी दाखवावी. स्त्रीचे काम नवऱ्याच्या मजुरीत मिसळून टाकू नये. विक्रीतील दशांशाचे कलम पुढील प्रत्येक करारात असावे, आणि महामंडळाच्या संचालक मंडळावर प्रत्यक्ष रापी हाती धरणाऱ्या कारागिरांचे प्रतिनिधी बसावेत. श्रीगोंदा तालुक्यातील साथींनी या मागण्यांचे निवेदन तहसील कचेरीत द्यावे. त्यावर पहिली सही गावातील चर्मकार बांधवांची घ्यावी, आणि निवेदनाच्या मथळ्यावर गावाचे नाव दोन्ही प्रकारे लिहावे: श्रीगोंदे, पूर्वीचे चांभारगोंदे.