जाहीर आवाहन : आजोळी कुणाचं रक्त थांबत नव्हतं का?

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील बंधू-भगिनींनो,

मूल रांगायला लागलं की गुडघे सुजतात, अंगावर काळेनिळे डाग उठतात, दुधाचा दात पडला तर सकाळपर्यंत तोंडातून रक्त येत राहतं. घरात दृष्ट काढली जाते, ‘मुरगळलं असेल’ म्हणून गुडघा चोळून घेतला जातो. कृपा करून चोळू नका. सांध्याच्या आत रक्त साचलेलं असतं, चोळल्याने ते वाढतं. असं वारंवार झालं की सांधा कायमचा आखडतो. हा हिमोफिलिया असू शकतो. रक्त गोठवणारा आठवा किंवा नववा फॅक्टर अशा मुलात कमी असतो. बीटी-सीटी ही रक्ताची तपासणी नॉर्मल आली म्हणून निर्धास्त राहू नका. एपीटीटी आणि फॅक्टरची तपासणी करून घ्या.

आता घरातलं बोलू. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो. आई वाहक असेल, म्हणजे तिच्या एका एक्स गुणसूत्रावर हा दोष असेल, तर प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता निम्मी, आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याचीही निम्मी. बाधित बापाकडून तो मुलग्यांना मिळत नाही, मुली मात्र सगळ्या वाहक होतात. म्हणून चौकशी आजोळची करायची: मामा, आईचे मामा, मावशीची मुलं. आपल्याकडे मामाची मुलगी करायची पद्धत अजून आहे. मामाला हिमोफिलिया असेल तर ती मुलगी वाहक असणारच. भाचाही बाधित असेल तर त्यांच्या मुलींनासुद्धा आजार होऊ शकतो. सोयरीक ठरताना पत्रिका निघते, मानपान निघतो, जमिनीचा उतारासुद्धा निघतो. मामा लहानपणीच कशाने गेला, हे कुणी काढत नाही.

यात सुनेला बोल लावायला जागा नाही. साधारण तिघांतल्या एका रुग्णाच्या घराण्यात आधी कुणालाच हा आजार नसतो. उलट वाहक बाईला स्वतःलाही पाळीत किंवा बाळंतपणात जास्त रक्तस्राव होऊ शकतो. दिवस गेल्यावर डॉक्टरांना हे आधीच सांगा. गर्भाची तपासणी मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत होऊ शकते.

साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलमध्ये, हिमोफिलियाचं डे-केअर केंद्र आहे आणि तिथे फॅक्टर मोफत मिळतो. सांगलीकरांनी आधी मिरज-सांगलीच्या शासकीय रुग्णालयात चौकशी करावी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे, तेव्हा प्रमाणपत्रासाठी अर्ज जरूर करा.

घराण्यात कुणी रुग्ण असेल तर सुंता, कान टोचणं, दात काढणं तपासणीशिवाय करू नका. मुलाला आजार असेल तर अ‍ॅस्पिरिन नको, डॉक्टरांना आजार सांगितल्याशिवाय स्नायूत इंजेक्शनही नको. तालमीचा नाद सोडावा लागेल. पोहायला मात्र डॉक्टरांना विचारून खुशाल पाठवा. आणि शाळेच्या दप्तरात एक चिठ्ठी ठेवा: आजाराचा प्रकार, कोणता फॅक्टर, कोणत्या रुग्णालयात न्यायचं. डोक्याला मार लागला तर गुरुजींनी सूज येण्याची वाट पाहू नये, थेट तिथे गाडी काढावी.

आपले,
सातारा-सांगलीतील हिमोफिलिया रुग्णांचे पालक