उपराष्ट्रपतीच्या योग्यतेविषयी जनतेला विचारणार कोण?

बंगळूरमधील हेब्बाळ विधानसभा मतदारसंघाचा मतदार ज्या आमदाराला निवडून देतो, त्याला राष्ट्रपतीच्या निवडणुकीत मत आहे. उपराष्ट्रपतीच्या निवडणुकीत नाही. तो अधिकार घटनेने केवळ संसदसदस्यांना दिला आहे. आणि तीच घटना असेही सांगते की, राष्ट्रपतिपद रिक्त होताच उपराष्ट्रपतीने राष्ट्रपती म्हणून काम पाहावे.

हा प्रश्न केवळ कागदावरचा नव्हे. हेब्बाळच्या आवारात सुरू झालेल्या कृषी विद्यापीठाचे उद्घाटन १९६४ साली ज्यांच्या हस्ते झाले, ते तत्कालीन उपराष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन पुढे राष्ट्रपती झाले व ३ मे १९६९ रोजी अधिकारपदावर असतानाच निवर्तले. त्यांची जागा घेणारे उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हे म्हैसूरचे माजी राज्यपाल आणि कामगार चळवळीतले कार्यकर्ते. १९ जुलै रोजी चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला तो त्यांच्याच सहीने. त्या सहीचे आम्ही स्वागतच करतो.

१९७७ साली मात्र वेगळे घडले. फखरुद्दीन अली अहमद यांच्या निधनानंतर म्हैसूरचे माजी मुख्यमंत्री बा. दा. जत्ती हंगामी राष्ट्रपती झाले. जनता सरकारने नऊ विधानसभा बरखास्त करण्याचा सल्ला दिला. मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतीवर बंधनकारक करणारी बेचाळिसावी घटनादुरुस्ती तोवर झालेली होती. २९ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयानेही राज्यांचे दावे फेटाळले. तरीही जत्तींनी सही लांबवली व अखेर ३० एप्रिलला केली. पेचप्रसंगी ते काय करतील, हे निवडीच्या वेळी कोणी विचारले होते?

अमेरिकेत निदान हा प्रश्न विचारला जातो. २००८ च्या निवडणुकीपूर्वी न्यूयॉर्क टाइम्स व सीबीएस यांनी घेतलेल्या चाचणीत ५९ टक्के मतदारांनी सारा पेलिन उपाध्यक्षपदासाठी तयार नाहीत असे सांगितले. अर्थात बड्या भांडवलाच्या पैशावर चालणारी ती निवडणूक आम्हांला आदर्श वाटत नाही. उमेदवार 'तयार' आहे काय एवढेच ही चाचणी विचारते. कोणाच्या हितासाठी तयार आहे, हे विचारत नाही. शिवाय चाचणीने निकाल ठरतो असेही नव्हे: १९८८ मध्ये डॅन क्वेल यांच्या योग्यतेविषयी उघड शंका घेतल्या गेल्या, तरी ते निवडून आले. पण उमेदवाराला प्रश्नाला तोंड द्यावे लागले, ही गोष्ट क्षुल्लक नाही.

आपल्याकडे जगदीप धनखड यांनी २१ जुलै २०२५ रोजी राजीनामा दिला. १७ व १९ ऑगस्टला दोन्ही आघाड्यांची नावे जाहीर झाली, ९ सप्टेंबरला मतदान झाले आणि महाराष्ट्राचे तत्कालीन राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन ४५२ विरुद्ध ३०० मतांनी निवडून आले. पुरत्या तीन-साडेतीन आठवड्यांत सारे उरकले. चर्चा झाली ती बेरजांची, जातींची व प्रांतांची. मतदान गुप्त, त्यामुळे खासदाराने कोणाला व का मत दिले, याचा जाब मतदाराला मागता येत नाही.

चाचण्या घेणाऱ्या कंपन्यांच्या हाती हा प्रश्न सोपवावा, असे आम्ही म्हणत नाही. परंतु उमेदवाराने मतदानापूर्वी जाहीर सभांतून प्रश्नांना उत्तरे द्यावीत: राज्यांच्या अधिकारांविषयी, वटहुकूमांविषयी, आणि राष्ट्रपतीची खुर्ची अकस्मात रिकामी झाल्यास आपण काय करू याविषयी. हेब्बाळ ज्यात मोडते त्या बंगळूर उत्तरच्या खासदारांपासून मुंबईच्या खासदारांपर्यंत प्रत्येकाने आपला कौल कोणाला व कशासाठी, हे मतदारसंघात येऊन आधी सांगावे. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही.